खोडके बाईंचं विलायतेचं विमान

खोडके बाई वर्गात कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. खडूला कागदाची पट्टी गुंडाळून तो धरायच्या, म्हणजे बोटं पांढरी होत नसत आणि पदरही खराब होत नसे. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवत आणि मी मराठी. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, पण मी नवी म्हणून शिक्षिकांच्या खोलीत मला खिडकीजवळची जागा त्यांनीच करून दिली होती.

मुलीचा उच्चार चुकला की त्या रागावत नसत. तो शब्द तिच्या तोंडून नीट निघेपर्यंत समोर उभ्या राहत. एकदा एका मुलीला ‘थर्ड’ म्हणता येईना. मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी दोघी समोरासमोर उभ्या. शेवटी शब्द निघाला तेव्हा बाईंनी पिशवीतून डबा काढून तिला आपल्यातली अर्धी भाकर दिली. त्या मुलीनं पुढं मला सांगितलं, की भाकरीची चव आठवत नाही, पण तो शब्द अजून चुकत नाही.

बाई बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातल्या. वडिलांची काळी जमीन होती, घरात कापूस यायचा. आई लहानपणीच गेली, म्हणून वडिलांनी त्यांना अमरावतीला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. तिथं मिस टर्नर नावाची एक इंग्रज शिक्षिका होती. बाईंना इंग्रजी तिनं शिकवलं आणि केसांना तेल लावून वेणीही तिनंच घातली. स्वातंत्र्य आलं त्या सुमाराला मिस टर्नर म्हातारी होऊन आपल्या देशी परत गेली. समुद्राकाठच्या एका लहान गावात ती एकटी राहायची. तिची पत्रं यायची आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं: एकदा ये, मी आहे तोवर ये.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, कारण त्या विचारू देत नसत. शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलत. घरचं वऱ्हाडी मी तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकलं ते फक्त त्या संतापल्या तर, किंवा फार आनंदल्या तर.

मिस टर्नरकडे जायचं हे त्यांनी ठरवलं तेव्हा अमरावती मुंबई राज्यात होती. विलायतेला जाणारे म्हणजे बॅरिस्टर आणि डॉक्टर, एवढंच आम्हाला माहीत. ते बोटीनं जात. पण बाईंना सुट्टी फक्त उन्हाळ्याची. बोटीनं जायला आणि यायलाच ती संपली असती, मिस टर्नरला नुसतं दारातून नमस्कार करून फिरावं लागलं असतं. म्हणून विमान. आणि विमानाचं भाडं म्हणजे मास्तरणीच्या पगारात न बसणारी गोष्ट.

मग त्यांनी शोध सुरू केला. मुंबईतल्या एकेका विमान कंपनीला त्या सुरेख अक्षरात पत्र लिहीत, की स्वस्तातलं स्वस्त जाऊन-येऊन तिकीट कोणतं, कोणत्या महिन्यात, कोणत्या मार्गानं. उत्तरादाखल रंगीत पत्रकं येत. मधल्या सुट्टीत त्या ती आम्हाला वाचून दाखवत: कैरोवरून गेलं तर एक भाव, रोमवरून गेलं तर दुसरा, अमुक तारखेच्या आत परत आलं तर थोडं कमी. आम्ही शेंगदाणे खात ऐकायचो. आमच्यातल्या कुणी अकोल्या-नागपूरच्या पुढं पाहिलेलं नव्हतं, पण त्या हिवाळ्यात बैरूत आणि ॲथेन्स ही नावं आम्ही गावातल्या पेठांसारखी घेत होतो. बाईंना ती पत्रकं पुरत नसत. गावात कुणाचा नातेवाईक परदेशाहून आल्याचं कळलं, की ओळख असो नसो, त्या छत्री घेऊन त्या घरी जात आणि विचारत, तुम्ही तिकीट कुठून काढलं?

एका रविवारी त्या मला नागपूरला घेऊन गेल्या. काम काय, तर विमान बघायचं. “बसल्यावर भीती वाटली तर उपयोग नाही. आधी बघून घेऊ,” म्हणाल्या. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उन्हात उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं एक विमान आलं, धूळ उडाली, माझ्या कानात दडे बसले. मी मागं सरकले. बाई कुंपणाला धरून तशाच उभ्या. विमान थांबलं, लोक शिडीवरून खाली उतरले, त्यात एक लुगडं नेसलेली म्हातारी होती. तिला बघून बाई एकदम म्हणाल्या, “पाह्य वं, बुढी उतरून राह्यली. मंग मले काय होते?”

उत्तर शेवटी एका जाहिरातीत सापडलं. मुंबईतली काही मंडळी अख्खं विमान भाड्यानं घेऊन लंडनला नेणार होती. विमान पूर्ण भरलं की तिकीट नेहमीच्या जवळजवळ निम्म्यात पडत होतं. बाईंनी पैसे भरले. परदेशी चलन सहजी मिळत नसे, पण राहण्याखाण्याची हमी मिस टर्नरनं लिहून दिली होती, त्यामुळे बाईंचे कागद झाले. फक्त त्याच पत्रात तिनं लिहिलं होतं, की असल्या स्वस्त विमानाच्या नादी लागू नकोस, आणखी दोन वर्षं थांब, नीट तिकीट काढून ये. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि हसल्या. “म्हातारी झाली,” म्हणाल्या.

इथवर गोष्ट बाईंची होती. पुढं ती शाळेची झाली. मुख्याध्यापिकांनी संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी निरोप समारंभ ठरवला. वऱ्हाडातली एक शिक्षिका विमानानं विलायतेला जाते, ही गोष्ट गावातल्या साप्ताहिकात फोटोसकट छापून आली. समारंभात भाषणं झाली, मुलींनी गाणं म्हटलं, अध्यक्षांनी बाईंना शाल दिली. मी स्वतः फुलांची वेणी आणली होती. बाई “हे कशाला, हे कशाला” म्हणत होत्या, पण त्यांनी त्या दिवशी नवी मोरपंखी साडी नेसली होती आणि फोटोच्या वेळी हार नीट दिसावा म्हणून पदर थोडा सारखा केला होता. आम्ही सगळ्या त्यांना पोचवायला बडनेऱ्याच्या फलाटावर गेलो. गाडी हलली तेव्हा हारांमुळे त्यांचा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता.

सुट्टी लागली म्हणून मी माहेरी अकोल्याला आले. आमचं घर जठारपेठेत. घरात मी आणि आई, दोघीच. मे महिन्याची दुपार होती, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आई आडवी झाली होती. कडी वाजली. मी दार उघडलं तर खोडके बाई. हातात पेटी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, ओठ वाळलेले.

“कमल, मी आत येऊ का?” एवढंच त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. विमान भरलंच नाही. बऱ्याच लोकांना परवानगी मिळाली नाही, काहींनी नावं काढून घेतली, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या मंडळींनी विमान रद्द केलं. बाई मग रोज त्यांच्या कचेरीच्या जिन्यावर जाऊन बसत. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा दिला, माफी मागितली, पैसे हप्त्याहप्त्यानं परत करीन म्हणाला, आणि पुढं खरंच केलेही. नेहमीचं तिकीट काढायची ताकद नव्हती. मुंबईत जास्त दिवस राहायला कुणाचं घर नव्हतं. मग त्या परतीच्या गाडीत बसल्या. भुसावळ गेलं, शेगाव गेलं. पुढं बडनेरा येणार, फलाटावर कुणीतरी ओळखीचं भेटणार. अकोला आलं तशा त्या पेटी घेऊन उतरल्या.

“फसवले गेले असते, तर सांगता तरी आलं असतं,” त्या म्हणाल्या. “आता काय सांगू? गेले नाही, एवढंच.”

आई उठून बसली होती. तिनं माठातलं पाणी दिलं, पन्हं केलं, मग म्हणाली, “बाई, अंग धुवून घ्या. शाळा उघडेपर्यंत तुमी इथंच ऱ्हाता.”

बाई राहिल्या. पहिले काही दिवस त्या मागच्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. रस्त्यावर कुणी बोललं, की त्यांचा हात पदराकडे जायचा. शेजारणी विचारत, कोण पाहुणी? मी घाईनं काहीतरी रचून सांगायला लागले, खानदेशातली मावशी वगैरे. आईनं मला तिथंच थांबवलं. “पाहुणी हाये,” ती शेजारणीला म्हणाली. “कुठची?” “आपल्या इकडचीच.” आणि दार लावून घेतलं. मग मला म्हणाली, “तुह्या खोट्यानं त्या बाईले अजून लाज वाटन.”

एका सकाळी आई कुरडयांचा चीक शिजवत बसली होती. बाई येऊन शेजारी बसल्या आणि सोऱ्या हातात घेतला. त्या दिवसापासून त्या रोज पहाटे गच्चीवर आईबरोबर कुरडया घालायला जाऊ लागल्या. लोकांनी उठायच्या आत. आई त्यांना आधी “बाई” म्हणायची, मग “वत्सला” म्हणायला लागली. त्या दोघींचं बोलणं वऱ्हाडीत चाले आणि मी गेले की थांबे. एकदा मात्र मी जिन्यात असताना ऐकलं. बाई म्हणत होत्या, “विमान नाई गेलं त्याचं नाई वाटत मावशी. मले ते हार आवडले व्हते. मले वाटलं, मी कोणीतरी हाओ. ते सलते.”

आई म्हणाली, “हार कोनाले आवडत नाईत?”

“पन मी तं अजून काही केलंच नव्हतं,” बाई म्हणाल्या.

मी पाय न वाजवता खाली उतरले. त्या फलाटावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाई अमरावतीला गेल्या, मी बरोबर होते. त्या तडक मुख्याध्यापिकांच्या घरी गेल्या आणि सगळं सांगितलं. मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी सत्काराची तारीख ठरवून टाकली होती, ‘माझा विलायतेचा प्रवास’ असं भाषणाचं नाव पाहुण्यांना कळवलं होतं. मुख्याध्यापिकांनी बाईंना गप्प राहायला सांगितलं. खोटं बोलू नका, फक्त काही दिवस काही बोलू नका, प्रकृतीचं निमित्त करून सत्कार पुढं ढकलू, मग लोक विसरतील. बाईंनी मान खाली घातली. त्या हो म्हणाल्या असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. मुली बाईंकडे बघून कुजबुजत होत्या. मुख्याध्यापिका सूचना वाचायला उभ्या राहायच्या आत खोडके बाई पुढं आल्या. आवाज नेहमीचाच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

“मुलींनो, मी इंग्लंडला गेले नाही. विमान रद्द झालं. मी अकोल्यात होते. तुम्ही मला हार घातलेत, ते मी घ्यायला नको होते.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग ते हसू पुढं पसरत आलं. मुली लहान होत्या, त्यांना दोष देऊ नये. पण शिक्षिकांच्या रांगेतही दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. बाई हसू थांबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग जागेवर आल्या. त्यांच्या मानेवर घामाचे थेंब होते. मी शेजारी होते, मला त्यांचा हात धरता आला असता. मी समोर बघत राहिले.

त्या आठवड्यात वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं मोठं विमान काढून ठेवलं होतं. बाईंनी ते पुसलं नाही. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर त्यांनी धडा शिकवला. तास संपल्यावर एका मुलीनं येऊन विमान पुसलं म्हणतात. काढणारी तीच असावी.

गाव विसरलं. गाव असल्या गोष्टी फार काळ सांभाळत नाही. बाई विसरल्या नाहीत. ती मोरपंखी साडी पुन्हा कधी दिसली नाही. शाळेच्या फोटोत त्या उभ्या राहत नसत. मुलींचा निकाल उत्तम लागला, अध्यक्षांना त्यांना पुष्पगुच्छ द्यायचा होता, तर त्या दिवशी त्या रजेवर. लग्नाला गेल्या तरी अक्षता टाकून, कुणी पुढं बसवायच्या आत परत.

पण याहून मोठी एक गोष्ट त्यांच्या मनात होती, ती मला फार उशिरा कळली. मुंबईत विमान रद्द झालं त्या दिवशी त्यांनी मिस टर्नरला तार केली होती. तारेत लिहिलं होतं, की आजारी आहे, येऊ शकत नाही. स्वस्त विमानाच्या नादी लागू नकोस असं तिनं बजावलं होतं ना, मग खरं कसं कळवायचं? शाळेपुढं त्या खरं बोलल्या, पण जिनं बोलायला शिकवलं तिला खोटं कळवून बसल्या. मिस टर्नरनं ते खरं मानलं. उलटटपाली पत्र आलं, छातीचं दुखणं आहे का, जपत जा. आणि त्या नाताळला एक पार्सल आलं. त्यात तिनं स्वतः विणलेला लोकरीचा गळपट्टा होता. पुढल्या वर्षी बंडी. त्याच्या पुढल्या वर्षी हातमोजे. अमरावतीच्या उन्हात ते लोकरीचे कपडे येत राहिले, आणि बाई दर वर्षी आभाराचं पत्र लिहीत राहिल्या, की तब्येत आता बरी आहे. त्यांना ते कपडे कुणाला देववत नव्हते आणि घालायची सोय नव्हती.

अशी बरीच वर्षं गेली. महाराष्ट्र झाला, माझं लग्न झालं, मी अकोल्याच्याच एका शाळेत लागले. आई थकली, तिला दिसेनासं झालं. बाईंचं निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. त्या जूनमध्ये मी दुपारी आईकडे गेले, तर पडवीत एक पेटी. आत खाटेवर आईच्या पायाशी खोडके बाई बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले, प्रवासानं डोळे सुजलेले. मला बघून त्या थांबल्या. आई म्हणाली, “सांग न वत्सला. कमलच हाये.”

त्या जाऊन आल्या होत्या. या वेळी कुणाला कळवलं नव्हतं. शाळेत एवढंच सांगितलं होतं, की सुट्टीत बाहेरगावी जाते. विमान कंपन्यांची पत्रकं त्यांनी पुन्हा मागवली, पगारातून साठवलं, आणि सगळ्यांत आडमार्गाचं, सगळ्यांत स्वस्त तिकीट काढलं. दोनदा विमान बदलायचं, बैरूतला अख्खा दिवस बाकावर बसून काढायचा. खायला बरोबर दशम्या नेल्या होत्या.

आईनं विचारलं, “इमानात भेव वाटलं का?”

“नाई मावशी. बाजूच्या बाईले वाटत व्हतं. तिचा हात धरून बसली मी.”

“तिकडं कापूस व्हते का?”

“नाई. नुसतं गवत. हिरवंगार. आन मे महिन्यात थंडी. तिनं विनलेले सगळे कपडे घालून बसत व्हती मी.”

मी चहा ठेवायला आत गेले. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मिस टर्नर नव्वदीला टेकली होती, पण तिनं ओळखलं. बाईंनी घरात पाय ठेवल्याबरोबर तिला सांगितलं, की त्या वेळी मी आजारी नव्हते, मी खोटं कळवलं होतं. तेवढं तोंडावर सांगायलाच त्या एवढ्या लांब गेल्या होत्या. पत्रातही लिहिता आलं असतं. पत्र त्यांनी कितीदा लिहायला घेतलं होतं, पण ते पुरं झालं नव्हतं.

“मंग ते काय म्हनली?” आईनं विचारलं.

“म्हनली, म्हंजे तुह्या छातीले काही झालं नव्हतं? मी म्हटलं, नाई. तं म्हनली, बरं झालं वं, मी उगाच इतके वर्ष काळजी केली.”

“रागावली नाई?”

“नाई न. रागावली असती तं बरं झालं असतं.” बाई पुढं म्हणाल्या. “तिनं लगेच चुलीवर चहा ठेवला मावशी. तिले डोळ्यानं नीट दिसत नाई. इतके वर्ष अंदाजानं टाके घालून विनून राह्यली व्हती, माह्या आजारासाठी.”

मी चहा घेऊन आले, तेव्हा आईनं चाचपडत बाईंचा हात शोधला होता आणि तो आपल्या मांडीवर ठेवला होता.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं त्या निघाल्या. मी स्टेशनवर सोडायला गेले. वाटेत मी म्हटलं, बाई, आता तरी शाळेत सांगा. हसणाऱ्या सगळ्यांना कळू द्या. मी स्वतः येते सांगायला.

“नको,” त्या म्हणाल्या. “सांगितलं तर पुन्हा हार आणतील. आणि मी गेले होते ते माफी मागायला. त्याचे हार घ्यायचे का?”

पुढल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि निरोप समारंभाला न थांबता गावी भावाकडे गेल्या. माझी त्यांची भेट पुन्हा झाली नाही. त्या संध्याकाळी त्यांना गाडीत बसवलं, तेच शेवटचं बघणं. डब्यात गर्दी होती. खिडकीजवळ एक बाई मुलाला घेऊन बसली होती, तिनं सरकून त्यांना जागा दिली आणि पेटीकडे बघत विचारलं, लई दुरून आल्या का आजी?

“नाई वं माय,” खोडके बाई म्हणाल्या, “अकोल्यातूनच बसली.” आणि पेटी बाकाखाली सरकवून त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं.